पाय जुळले पाहिजेत

३ नोव्हेंबर, सोमवार

लागली बाई नोकरी! आणि तीसुद्धा कुठं, तर सिरियलमध्ये. जिंतूरला कळलं तर निम्मं गाव म्हणेल की वर्षाली आता टीव्हीत दिसणार, आणि उरलेलं निम्मं म्हणेल की गेली पोरगी हातची. दोन्ही खोटं. मी कॅमेऱ्याच्या मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसणार आहे. माझ्या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. काल अर्धा सोडलेला सीन आज पुढं सुरू करताना बाईच्या हातात कालच्याइतक्याच बांगड्या आहेत का, तांब्या त्याच कोनाड्यात आहे का, कुंकू तेवढंच मोठं आहे का, हे बघायचं. सगळं जुळलं पाहिजे. आई मला लहानपणापासून म्हणायची, कार्टीची नजर घारीची आहे. त्या नजरेला आता पगार मिळणार.

सकाळी भूमकर चौकातून युनिटची गाडी मिळाली. मोशीच्या जॅममध्ये पाऊण तास गेला. चाकण ओलांडून तळेगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक बंद पडलेलं प्रेस शॉप आहे, पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचा कारखाना. मशिनी गेल्या, पत्र्याची भलीमोठी शेड उरली. तिच्या पोटात प्लाय, थर्माकोल आणि रंग वापरून १९०५ सालचं मामलेदाराचं घर उभं केलंय. मी आत शिरले आणि तोंडातून आपसूक अगं बाई निघालं.

सिरियलचं नाव 'भागीरथी'. ती ज्या कादंबरीवरून घेतलीय ती, 'उलटे माप', मला जवळजवळ पाठ आहे. मावशीची प्रत होती. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक, लिहिणाऱ्याचं नाव आता कुणाला आठवतही नाही. चिमा नावाची पोर लग्न होऊन मामलेदाराच्या घरी येते, तिचं नाव बदलून भागीरथी ठेवतात, आणि पुढची तीनशे पानं ती त्या घराला पुरून उरते. चोरून लिहायला शिकते. सासूला उलट बोलते, नवऱ्याला जाब विचारते. शेवटच्या पानावर ती उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवते, आत येताना ठेवलं होतं तसंच, पण या वेळी ते बाहेरच्या अंगाला लवंडते आणि चालू लागते. तिथं समासात मावशीनं पेन्सिलीनं लिहिलंय, गेली बाई एकदाची. मावशी स्वतः कुठंच गेली नाही, पण ते असो.

मी मात्र निघालेय. मानवतच्या स्थळाचा होकार आला तेव्हा नानांनी मला विचारलंसुद्धा नाही, तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त बघू म्हणाले. मी बॅग भरली आणि ताथवड्याला दिपालीकडं आले. दिपाली माझी हॉस्टेलची मैत्रीण, इथल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात लॅब सांभाळते. तिनं मला खोलीची दुसरी किल्ली करून दिली. जन्मात पहिल्यांदा माझी अशी किल्ली! ती मी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलीय.

५ नोव्हेंबर, बुधवार

घराला भिंती तीनच. चौथी बाजू कॅमेऱ्यासाठी सताड उघडी. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर सगळं प्लायच्या जमिनीवर, आणि ती जमीन जिथं संपते तिथून शेडचं काँक्रीट. माजघराच्या मधोमध जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावलीय. हिरॉइननं तिथं उभं राहायचं. मी दिवसातून दहादा त्या पट्टीचा फोटो काढते.

माणसं चांगली आहेत. डायरेक्टर स्वराज तिशीचाही नसेल, बाप्यांना भावा म्हणतो आणि बायकांना बाळा. सासूचं काम करणाऱ्या शालनबाई साठीच्या आहेत, त्यांनाही बाळाच. त्या हसतात आणि विणकाम पुढं चालू ठेवतात. कॅमेऱ्यासमोर मात्र त्यांची नजर अशी फिरते की मीच खुर्चीत सावरून बसते. भागीरथीचं काम तनुजा करते. दोन सीनच्या मध्ये ती बसल्या जागी झोपते, आणि उठवलं की थेट रडायच्या सीनमध्ये शिरते. मला ती आवडली.

सेटवरचं सामान धोंडीबामामा सांभाळतात. याच शेडमध्ये त्यांनी बावीस वर्षं प्रेस चालवला. उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. उरलेली इथंच कुठंतरी हायेत, सापडली तर सांग, म्हणाले मला. जेवण तानाबाईंच्या मेसमधून येतं. शेड त्यांच्याच जमिनीवर उभी आहे. मी तिसरी भाकरी नको म्हटलं तर म्हणाल्या, खा गं पोरी, हाडं दिसाया लागल्यात, कोण करील तुला? मी म्हटलं, कुणी करू नये म्हणूनच तर आले.

शेजारच्या कंपनीत अजून प्रेस चालतात. १९०५ सालात सासू काही जिव्हारी बोलली की पलीकडून धप्प. तीनला शिफ्टचा भोंगा. स्वराज डोक्याला हात लावून बसतो. मला तो भोंगा बरा वाटतो, घराबाहेर काहीतरी चालू असल्याचं कळतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सोमवारी गृहप्रवेशाचा सीन; इथं पुढचे सीन आधी आणि आधीचे मागून घेतात. आज एक गंमत कळली. धोंडीबामामा मापात तळापासून लाकडाचा भुसा भरत होते आणि वर फक्त चार बोटं तांदूळ. मी म्हटलं, मामा, तांदळात कसली काटकसर? तर म्हणाले, काटकसर न्हाई पोरी, रीत हाय. सिरियलमधलं लग्न लागताना काहीतरी एक खोटं ठेवायचंच. मंगळसूत्राची गाठ अर्धी मारायची, भटजीनं मंत्र मधेच सोडायचा, माप असलं तर खाली भुसा. सगळंच खरं केलं तर लागून जातं. काय लागून जातं, विचारलं तर मूठभर भुसा आणखी कोंबला. मी हसले. बावीस वर्षं लोखंड दाबलेला माणूस आणि असल्या गोष्टी मानतो.

दुसरी भानगड तनुजाच्या पायाची. घोट्यावर मोठ्ठं फुलपाखरू गोंदलंय. मेकअपनं झाकलं तर राखेसारखं दिसतं. स्वराजनं सगळ्या बायकांचे पाय बघितले आणि माझ्यापाशी थांबला. माझे पाय काळपट, टाचा फुटलेल्या, उजव्या पायावर लहानपणी पडलेल्या तव्याचा डाग. तो ओरडलाच, हेच पाय पाहिजेत, हे पाय १९०५ चे आहेत! सगळे खो खो हसले. मीपण. म्हटलं चला, निदान पाय तरी हिरॉइन झाले.

१० नोव्हेंबर, सोमवार, दुपार

झाला गृहप्रवेश! जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, कारण डोक्यात अजून झिंग आहे.

खाली नऊवारीचा घोळ, वर माझाच टी-शर्ट, कारण फ्रेम गुडघ्याच्या खालीच. बोटांत चांदीची जोडवी. तालमीला मी माप लवंडलं आणि तांदळाबरोबर भसकन भुसा बाहेर आला. मॉनिटरवर पिवळा ढीग स्पष्ट दिसला. आधीच्या शॉटमध्ये माप शिगोशीग तांदळाचं दिसलंय, मग हे जुळणार कसं? मी बोलले. कामच आहे माझं. स्वराज म्हणाला, शाब्बास बाळा, बदला ते. धोंडीबामामा चाकणला रंग आणायला गेले होते. मग मीच पळत मेसमध्ये गेले आणि तानाबाईंकडून त्यांच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ आणला. माप पुसलं, तळापासून तांदूळ भरला, शीग लावली. नाव घालायच्या ताटातही तोच पसरला. पुस्तकात लिहिलंय अगदी तसं.

उजवा पाय पुढं केला. अंगठ्यानं माप लोटलं. तांदूळ पायावरून सांडला तेव्हा शेजारचा प्रेस थांबला, शेडमध्ये चिडीचूप. साउंडवाल्यानं खूश होऊन अंगठा दाखवला. मी आत आले. नवऱ्याच्या अंगठीनं तांदळावर भागीरथी लिहिलं गेलं. एका टेकमध्ये ओके. टाळ्या पडल्या, तनुजानं मिठी मारली.

मग धोंडीबामामा आले. जमिनीवरचा तांदूळ बघितला आणि रंगाचे डबे हातातून खाली ठेवले. माप कुणी भरलं, विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात हात वर केला. आणि पाय कुणाचे, विचारलं. मी पाय पुढं केला. ते मटकन खाली बसले आणि एकेक दाणा वेचायला लागले. मला जरा राग आला. इतकं चांगलं काम झालं, त्याचं काहीच नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल खोलीवर गेले नाही. नीट लिहिते, म्हणजे मलाच कळेल.

पॅकअप झालं. जोडवी निघेनात. साबण लावला, तेल लावलं, बोट सुजलं. म्हटलं राहू दे, उद्या काढू. बॅग उचलली आणि उघड्या बाजूनं काँक्रीटवर पाय टाकला. आणि मी माजघरात उभी होते, पांढऱ्या पट्टीवर. हातात बॅग तशीच. वाटलं चक्कर आली, सकाळपासून धड जेवले नव्हते. पुन्हा निघाले. पुन्हा पट्टी. तेवढ्यात गाडी सुटल्याचा आवाज आला. कुणी माझं नावसुद्धा घेतलं नाही, रोज तर स्वराज स्वतः डोकी मोजतो. दिपालीला मेसेज टाकला की काम लांबलं. माजघरातल्या गादीवर आडवी झाले. थर्माकोलच्या भिंतींना हात लावला तर गार लागल्या, सारवलेल्या असल्यासारख्या.

सकाळी शालनबाई म्हणाल्या, लवकर उठलीस गं आज. मी म्हटलं हो. कशाला कुणाला हसायला लावा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चक्कर नाही ही.

आज सगळ्या बाजूंनी बघितलं. समोरच्या दारानं. उघड्या बाजूनं. स्वयंपाकघराच्या मागच्या फटीतून, जिथून लाइटवाले वायरी नेतात. प्लाय संपतो, काँक्रीट लागतं, आणि मी पट्टीवर. स्वराजला हाताला धरून म्हटलं, चल, मला बाहेर सोड. तो हसत निघाला. कडेला माझा हात त्याच्या हातात होता. मग मी पट्टीवर होते आणि तो लांब मॉनिटरपाशी चहा पीत होता. मी विचारलं, आत्ता आपण निघालो होतो ना? म्हणाला, कुठं बाळा? तू तर सकाळपासून इथंच आहेस.

तनुजाला सांगितलं. तिला खरंच वाटलं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. चार जणांनी मला खुर्चीत बसवून उचललं. तनुजा पुढं चालत होती, शेडच्या फाटकातून रस्त्यावरचा ट्रक मला दिसला, पिवळा. मग पट्टी. तनुजा कोपऱ्यात झोपलेली. उठवलं तर विचारते, काय गं, शॉट रेडी आहे का?

मग मी वही उघडली. कामाच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. टेक १, भागीरथी बाहेर, एनजी. टेक २, एनजी. असे नऊ. एनजी म्हणजे तो टेक वाया गेला, वापरायचा नाही. वाया गेलेला टेक कुणी लक्षात ठेवत नाही.

यातलं मी एक अक्षरही लिहिलेलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फक्त दोघांना कळतं. धोंडीबामामांना, कारण तो तांदूळ त्यांनी वेचला. आणि तानाबाईंना, कारण तो त्यांच्या घरचा होता. बाकीच्यांशी बोलावं तर ते माझ्या तोंडाकडं बघून सुरुवात करतात आणि हळूहळू पायांकडं बघायला लागतात.

तानाबाई मला जेवायला वाढताना रडल्या. म्हणाल्या, तांदूळ खरं व्हतं, पाय खरं व्हतं, मंग घर कशापायी खोटं ऱ्हाईल? तू माप लवंडून आलीस पोरी, आता तू सून हायेस या घरची. मी इतकी चिडले! ताट सरकवलं. म्हटलं, सून होऊ नये म्हणून मी जिंतूर सोडलं, आणि इथं प्लायवूडची सून होऊ होय? नवरा नावापुरता, बाकी नुसती सासू! त्या हसल्या, मग पुन्हा रडल्या.

वाट मामांनीच सुचवली. जशी आलीस तशीच जाशील, म्हणाले. मला एकदम शेवटचं पान आठवलं. उलटं माप! तो सीन शूट झाला पाहिजे. खरा तांदूळ, माझे पाय, आणि माप बाहेरच्या अंगाला. सिरियल छोटीच, शेवटच्या भागात तो ठरलेलाच आहे, डिसेंबरात. तेवढे दिवस काढायचे. मामा फोन चार्ज करून आणतात. दिपालीला सगळं लिहून पाठवते, तर तिला नुसतं काम लांबलं एवढंच पोचतं. मी काढीन. मी चिवट आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गृहप्रवेशाचा भाग लागला. लोकांना पाय फार आवडले म्हणे. तो तव्याचा डाग दिसला आणि लोकांनी विचारलं, हा कसला? सिरियलच्या लेखकानं मुंबईहून लगेच नवा सीन पाठवला. सासू भागीरथीला डाग देते. पण डाग तर मला आईच्या स्वयंपाकघरात पडलेला. मी पाच वर्षांची होते, पोळीसाठी हट्ट करत होते. लिहून ठेवते.

आईचा फोन आला. डागावरून मी लगेच ओळखलं, म्हणाली. नानांनीपण बघितलं. नाना म्हणाले, पोरगी चांगल्या घरात पडली. मला रडू फुटलं. म्हटलं, आई, मला न्यायला ये. आई म्हणाली, सुरुवातीला असंच होतं गं सासरी, मग रुळतेस. मग घाबरून म्हणाली, हे काय बोलले गं मी?

फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही, सिरियल चालू असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चॅनेलनं पाचशे भाग वाढवले. युनिटनं केक कापला. स्वराजनं मला भरवायला हात पुढं केला आणि खाली वाकून केकचा तुकडा माझ्या पायांशी ठेवला. त्याला काही वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही.

पाचशे भाग. म्हणजे दोन वर्षं ती घराबाहेर पडणार नाही.

दोन वर्षं.

मी स्वराजला गाठलं. रडले, भांडले, पुस्तक काढून शेवटचं पान वाचून दाखवलं. म्हटलं, अरे, ज्या पानासाठी ही कादंबरी लिहिली तेच तू गिळतोस? बाई बाहेर पडते म्हणून लोकांनी ती शंभर वर्षं जपली. त्याला हे ऐकू आलं. खरंच ऐकू आलं. म्हणाला, रविवारचा खास भाग करता येईल. भागीरथी घर सोडते. चॅनेलला आवडेल.

मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तानाबाईंनी नवा तांदूळ आणला. मामांनी माप तळापासून भरलं, माझ्यादेखत, भुशाचा कण नाही. शीग त्यांनी अर्ध्या बोटांनी हळूच सारखी केली. स्वराज म्हणाला, पाय तेच पाहिजेत, जुळले पाहिजेत. मी म्हटलं, जुळतील!

ॲक्शन म्हटलं. उजवा पाय. अंगठ्यानं लोटलं. तांदूळ बाहेर सांडला.

काँक्रीट. काँक्रीट पायाला लागलं! मी थांबले नाही. वही, मोबाईल आणि थोडे पैसे आधीच ओच्यात खोचले होते. फाटक, रस्ता, धूळ, ऊन. शेजारच्या कंपनीचा भोंगा झाला आणि निळ्या कपड्यातल्या माणसांचा लोंढा बाहेर पडला, मी त्यांच्यात घुसले. टपरीवर कटिंग घेतला. टपरीवाले भाऊ म्हणाले, ताई, अनवाणी? मी म्हटलं, असू द्या हो! हसत होते एकटीच. शेअर रिक्षा, मग बस. ताथवडे, तिसरा मजला. किल्ली गळ्यातून काढली, कुलुपात घातली, फिरवली.

खोलीत बसून लिहितेय. जोडवी पाण्याखाली धरली आणि आपली आपण निघाली. दिपालीनं मला इतकं घट्ट धरलं की बरगड्या दुखल्या. म्हणाली, मेले, सतरा दिवस होतीस कुठं!

गेली बाई एकदाची.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस नुसती झोपले, जेवले. उद्या भाग लागणार. बघू नये असं वाटतं. पण शेवटचं पान टीव्हीवर येणार, आणि पाय माझे. मावशी असती तर पाटावर बसून बघितलं असतं तिनं. आईचाही फोन आला, आम्ही सगळे बघतोय म्हणाली. दिपालीनं भडंग करून ठेवलाय.

परवा दुसरी नोकरी शोधायची. वाकडच्या मॉलमध्ये, कुठंही. घर नसलेल्या जागी.

३० नोव्हेंबर, रविवार

बघत होतो. दिपालीच्या मोबाईलवर. माझा पाय दिसला. माप लवंडलं. तांदूळ बाहेर. दिपालीनं टाळी वाजवली. मी म्हटलं, बघ बघ, आता ती चालत जाईल.

मग तनुजाचा चेहरा. ती दचकून उठते. माजघर. घामाघूम. शालनबाई दारात उभ्या. म्हणतात, काय गं भागीरथी, झोपेत कुणाला लाथा मारतेस?

स्वप्न होतं. त्यांनी स्वप्न केलं त्याचं. मी निघून गेल्यावर एवढा एकच शॉट घेतला असणार —

भडंगाची वाटी हातात होती. आता तांब्या आहे.

पट्टीवर आहे मी.

२ डिसेंबर

मामा तोंड फिरवून बसले होते. मग म्हणाले, म्या माप खरं भरलं व्हतं गं. मला माहीत आहे मामा. चूक आपली नव्हती. तांदूळ खरा होता, पाय खरे होते, जाणं तेवढं खोटं केलं त्यांनी.

जोडवी परत बोटांत आहेत.

सकाळपासून भोंगा ऐकला नाही. प्रेसही नाही. साउंडवाला खूश आहे.

५ डिसेंबर

मोबाईल गेला. फ्रेममध्ये दिसत होता म्हणून उचलला कुणीतरी. पेनही. मामांनी पेन्सिलीचा तुकडा दिलाय.

तनुजा सोडून चालली. सिनेमा मिळाला तिला. निरोप घ्यायला आली, सगळ्यांना भेटली, पट्टीपाशी थांबली, काहीतरी आठवत असल्यासारखी. मी हाक मारली. तिनं खाली वाकून माझ्या पायांना नमस्कार केला आणि गेली. उघड्या बाजूनं, किती सहज.

स्वराज फोनवर सांगत होता. चेहरा बदलला तरी लोक चार दिवसांत विसरतात. पाय बदलू नका.

तारीख कळेना

नवी मुलगी आली, कंटिन्युइटीला. माझ्या खुर्चीवर बसते. हसरी आहे. माझ्या पायांचे फोटो काढते. वर बघत नाही. मी म्हटलं, बाई, मापात भुसा राहू दे, काही झालं तरी भुसा — तिनं कानामागचे केस सारखे केले.

गळ्यातल्या दोऱ्याला काळे मणी आलेत. मी ओवले नाहीत.

किल्ली अजून आहे. कशाची, ते सकाळी आठवेना. लिहून ठेवते. ताथवडे. तिसरा मजला. दिपाली.

—

शालनबाई आता विणत नाहीत. शॉट नसला तरी बघतात. काय लिहितेस म्हणाल्या. काही नाही म्हटलं. काही नाही, सासूबाई, म्हटलं. मी म्हटलं. माझ्या तोंडानं.

—

आई नाना मावशी दिपाली. जिंतूर. तवा. पोळीसाठी हट्ट. मी पाच वर्षांची. डाग आईच्या घरचा. सासूनं नाही दिला. सासूनं नाही —

—

उद्याचे सीन नवी मुलगी मोठ्यानं वाचत होती. सीन चौदा. भागीरथी चोरून लिहीत बसलेली. सासू येते, वही हिसकावते, चुलीत टाकते. पुस्तकात आहे हे, बारावं प्रकरण. चूल खरी पेटवायची म्हणाला स्वराज.

तिनं विचारलं, वही कुठली? नवी आणू का? स्वराज म्हणाला, नको, मागच्या एका शॉटमध्ये तिच्या हातात वही दिसलीय. तीच पाहिजे.

मामा ओरडत होते, दुसरी करतो, तशीच करतो, दोन दिस द्या. त्यांचं कुणी —

वही गेली तर मी कोण होते ते कुठं बघू

—

धूर येतोय. चूल पेटली.

लाइट लावले. नवी मुलगी वाकून फोटो काढतेय. पाय. वही. वहीवरचा हात.

शांतता म्हणाले.

बांगड्यांचा आवाज येतोय माजघराच्या दाराशी. मी मान वर करणार नाही. लिहीत राहणार, शेवटपर्यंत. नाव तेवढं लिहिते, निदान जळताना खरं असेल. माझं नाव भागी — नाही. नाही. माझं नाव व